न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागातले स्कूल डिस्ट्रिक्ट: कारभार, कर आणि मतदान समजून घेताना

न्यूयॉर्क शहरापासून चार-पाच तास उत्तरेला किंवा पश्चिमेला, एखाद्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लहान महाविद्यालयात नोकरी घेऊन आलेल्या मराठी कुटुंबाला तिथल्या शाळेची पहिली ओळख पिवळ्या बसने होते आणि दुसरी सप्टेंबरमध्ये येणाऱ्या कराच्या बिलाने. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि गावातल्या घरपट्टीशी त्याचा थेट संबंध नसतो. इथे मात्र शाळेसाठी वेगळा मालमत्ता कर असतो, तो शाळेचेच निवडून आलेले मंडळ ठरवते आणि अंदाजपत्रक दरवर्षी मतदारांसमोर ठेवले जाते. नव्याने आलेल्या माणसाला हे मतदान म्हणजेच सगळा कारभार असे वाटते, परंतु बहुतेक निर्णय त्याआधी तीन-चार महिने, फारसे कोणी न फिरकणाऱ्या बैठकांत झालेले असतात. म्हणून या व्यवस्थेची ओळख करून घेताना कोणाच्या हातात काय आहे याइतकेच ते केव्हा ठरते याकडेही लक्ष द्यावे.

पहिली पायरी: आपले डिस्ट्रिक्ट कोणते, हे पक्के करावे

घर भाड्याने किंवा विकत घेण्यापूर्वीच हे पाहिलेले बरे. स्कूल डिस्ट्रिक्ट ही ठरावीक भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र शासकीय संस्था आहे. काउंटी, टाउन किंवा व्हिलेज या स्थानिक शासनसंस्थांचा तिच्यावर अधिकार नसतो आणि त्यांच्या सीमाही डिस्ट्रिक्टच्या सीमांशी जुळत नाहीत. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये चार-पाच टाउनचे तुकडे आणि दोन काउंट्यांचे भाग येणे ग्रामीण भागात नेहमीचेच आहे. टपालाच्या पत्त्यावर ज्या गावाचे नाव आहे त्याच गावची शाळा मिळेल, असे समजू नये. टाउनच्या करनिर्धारकाकडील नोंदीत त्या घराच्या डिस्ट्रिक्टचे नाव लिहिलेले असते, आणि तीच नोंद ग्राह्य धरावी.

सीमा अशा वेड्यावाकड्या असण्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या राज्यात दहा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट होती आणि त्यांतली बहुतेक एका खोलीच्या शाळेपुरती होती. १९२५ च्या कायद्याने एकत्र येणाऱ्या ग्रामीण डिस्ट्रिक्टना वाढीव राज्य अनुदान देऊ केले, आणि त्यानंतरच्या दशकांत शेजारच्या शाळा जोडून ‘सेंट्रल स्कूल डिस्ट्रिक्ट’ तयार झाली. आज राज्यात सुमारे ७०० डिस्ट्रिक्ट उरली आहेत. ग्रामीण भागातल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये बालवर्गापासून बारावीपर्यंतचे सारे विद्यार्थी एकाच आवारात असतात आणि त्यांची एकूण संख्या हजाराच्या खालीच राहते.

प्रवेशासाठी वास्तव्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद लागते. व्हिसा किंवा स्थलांतराच्या स्थितीवरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात तसा निर्णय दिला आहे.

दुसरी पायरी: कोण काय ठरवते

डिस्ट्रिक्टची मालकी आणि अंतिम जबाबदारी बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे असते. सेंट्रल डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर साधारणपणे पाच, सात किंवा नऊ सदस्य असतात, त्यांची मुदत तीन ते पाच वर्षांची असते आणि त्यांना मानधन मिळत नाही. ते कोणत्याही पक्षाच्या चिन्हावर उभे राहत नाहीत. गावातला शेतकरी, नर्स, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, निवृत्त शिक्षक अशी ही माणसे असतात आणि किराणा दुकानात ती आपल्याला रोज भेटतात.

रोज भेटतात म्हणूनच एक नियम लक्षात ठेवावा: एकट्या सदस्याला कोणताही अधिकार नसतो. रीतसर बोलावलेल्या बैठकीत झालेला ठराव हाच बोर्डाचा निर्णय असतो आणि त्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची गरज असते, केवळ हजर असलेल्यांच्या नव्हे. सातांच्या बोर्डाचे पाचच सदस्य आले असतील, तरी ठराव संमत व्हायला चार मते लागतात. त्यामुळे बसच्या थांब्याबद्दलची तक्रार एखाद्या सदस्याच्या कानावर घालून काम होत नाही. समजूतदार सदस्य आपल्याला सुपरिंटेंडंटकडे पाठवतो, आणि तसे करण्यात तो टाळाटाळ करत नसतो. तक्रारीचा मान्य क्रम शिक्षक, मुख्याध्यापक, सुपरिंटेंडंट आणि मग बोर्ड असा आहे.

सुपरिंटेंडंट हा बोर्डाने करारावर नेमलेला मुख्य प्रशासक असतो. धोरण आणि अंदाजपत्रक बोर्ड मंजूर करते, दैनंदिन कारभार सुपरिंटेंडंट चालवतो. लहान डिस्ट्रिक्टमध्ये हिशेबाचे काम पाहणारा अधिकारी कित्येकदा दोन-तीन डिस्ट्रिक्ट मिळून ठेवतात, किंवा ते काम ‘बोसेस’कडून करून घेतात.

बोसेस ही या राज्यातल्या ग्रामीण शिक्षणाची कणा म्हणावी अशी संस्था आहे, आणि नवागताला तिचे नावही ठाऊक नसते. १९४८ मध्ये शेजारच्या डिस्ट्रिक्टनी मिळून सेवा घ्याव्यात म्हणून ही सहकारी मंडळे निर्माण झाली. आज राज्यात अशी ३७ मंडळे आहेत. वेल्डिंग, नर्सिंग सहायक, मोटारदुरुस्ती यांसारखे व्यवसाय अभ्यासक्रम, विशेष शिक्षणाचे वर्ग, संगणक यंत्रणा आणि पगारपत्रके अशा ज्या गोष्टी चारशे मुलांच्या शाळेला एकटीने परवडत नाहीत, त्या बोसेसमार्फत मिळतात. बोसेसला स्वतः कर लावता येत नाही. डिस्ट्रिक्ट तिला सेवेचे पैसे देते आणि त्यातला काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत करते.

सर्वांच्या वर राज्याचे बोर्ड ऑफ रीजंट्स आहे. त्याचे १७ सदस्य राज्याचे विधिमंडळ निवडते आणि ते सदस्य शिक्षण आयुक्ताची नेमणूक करतात. बारावी उत्तीर्ण होण्याच्या अटी, शिक्षकांची पात्रता आणि वर्षाचे किमान १८० दिवस या गोष्टी राज्याच्या पातळीवर ठरतात.

तिसरी पायरी: पैशाचे तीन झरे ओळखावेत

केंद्राचा वाटा तुलनेने लहान असतो आणि तो बहुधा ठरावीक कामांसाठीच येतो: गरीब विद्यार्थ्यांचे साहाय्य, विशेष शिक्षण, शाळेतले जेवण. सहाशेहून कमी विद्यार्थी असलेल्या ग्रामीण डिस्ट्रिक्टसाठी एक छोटे केंद्रीय अनुदानही आहे. खरा हिशेब राज्याचे अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर या दोन रकमांचा असतो.

राज्याच्या अनुदानातला सर्वांत मोठा भाग ‘फाउंडेशन एड’ हा होय. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना पुरेसा निधी मिळत नाही म्हणून चाललेला ‘कॅम्पेन फॉर फिस्कल इक्विटी’चा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच २००७ मध्ये हे सूत्र आले. विद्यार्थिसंख्या, गरिबी, इंग्रजी शिकणारी मुले आणि विरळ वस्ती हे गरज दाखवणारे घटक त्यात एका बाजूला असतात, तर डिस्ट्रिक्टची ऐपत दुसऱ्या बाजूला असते. सूत्रानुसार देय असलेली पूर्ण रक्कम मात्र २०२३-२४ मध्येच मिळू लागली. मधल्या मंदीच्या काळात तर राज्याने आपली तूट भरून काढण्यासाठी अनुदानातून कपात केली होती.

ऐपत मोजण्याची पद्धत ग्रामीण वाचकाने विशेष समजून घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती मालमत्ता आणि किती उत्पन्न आहे, हे राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिले जाते. जिथे तळ्याकाठी बाहेरच्या लोकांची उन्हाळी घरे आहेत, तिथे मालमत्तेचा आकडा फुगतो, आणि वर्षभर राहणारे लोक कमी पगाराचे असले तरी डिस्ट्रिक्ट कागदावर श्रीमंत ठरून अनुदान घटते. ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात हे ठळकपणे दिसते. त्याच भागात राज्य आपल्या राखीव जंगलावर स्थानिक मालमत्ता कर भरते, आणि १८८६ पासून चालत आलेली ही तरतूद नसती, तर तिथल्या काही शाळा चालवणे अवघड झाले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे विद्यार्थी कमी झाले तरी आदल्या वर्षापेक्षा कमी फाउंडेशन एड मिळणार नाही, ही हमी. उत्तरेकडच्या बहुतेक ग्रामीण शाळांतली मुले वर्षानुवर्षे घटत असल्याने त्यांची अंदाजपत्रके या हमीवर उभी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गव्हर्नर कॅथी होकुल यांनी ती काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा राज्यातल्या सुमारे निम्म्या डिस्ट्रिक्टना अनुदान घटण्याची भीती निर्माण झाली होती. विधिमंडळाने तो मान्य केला नाही. हमीविरुद्धचा युक्तिवाद अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही, कारण शाळेत नसलेल्या मुलांसाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु पाच मुले कमी झाली म्हणून बसचा मार्ग छोटा होत नाही आणि बॉयलरला तेल कमी लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.

बससेवा, बोसेस आणि इमारत यांची अनुदाने खर्चाच्या प्रमाणात मिळतात. वाहतुकीच्या मान्य खर्चापैकी राज्य कमाल ९० टक्क्यांपर्यंत रक्कम परत करते, आणि गरीब डिस्ट्रिक्टच्या इमारतींनाही तितकाच उदार हात मिळू शकतो. मात्र हा पैसा खर्च झाल्यानंतर येतो, आणि इमारतीचा तर कित्येक वर्षांच्या हप्त्यांनी. म्हणून नव्या छपरासाठी ५० लाख डॉलरचा प्रस्ताव समोर आला की ती रक्कम पाहून दचकू नये. त्यातला स्थानिक वाटा किती आणि तो कोणत्या राखीव निधीतून जाणार, एवढे विचारावे.

चौथी पायरी: कराचे बिल वाचावे

बोर्ड कराचा दर ठरवत नाही, मालमत्ता करातून उभी करायची एकूण रक्कम ठरवते. तिला टॅक्स लेव्ही म्हणतात. समजा, अंदाजपत्रक १ कोटी ६० लाख डॉलरचे आहे, राज्याकडून १ कोटी मिळणार आहेत आणि इतर मार्गांनी व शिलकेतून ८ लाख येणार आहेत. उरलेले ५२ लाख ही लेव्ही होय. डिस्ट्रिक्टमधल्या साऱ्या करपात्र मालमत्तेची बाजारकिंमत ४० कोटी असेल, तर हजारामागे १३ डॉलर कर पडतो, म्हणजे दोन लाखांच्या घरावर २,६०० डॉलर.

गोंधळ होतो तो टाउन वेगळे असल्यामुळे. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक टाउनने पूर्ण बाजारकिंमत लावलीच पाहिजे असे बंधन नाही. एक टाउन घराची नोंद पूर्ण किमतीला करते, शेजारचे निम्म्या किमतीला. राज्य दरवर्षी ‘इक्वलायझेशन रेट’ जाहीर करून ही तफावत सरळ करते. त्यामुळे निम्म्या नोंदीच्या टाउनमध्ये तेच घर एक लाखाला लागलेले दिसेल, दर २६ दिसेल आणि बिल पुन्हा २,६०० च येईल. दोन टाउनमधल्या शेजाऱ्यांनी नुसते दर ताडून भांडण्यात अर्थ नाही.

आपल्या घराची नोंदच जास्त झाली आहे असे वाटत असेल, तर शाळेकडे जाऊन उपयोग होत नाही. करनिर्धारणाची तात्पुरती यादी बहुतेक टाउनमध्ये १ मे रोजी लागते आणि हरकती मे महिन्याच्या चौथ्या मंगळवारी ऐकल्या जातात. ही संधी हुकली की वर्ष गेले. स्वतःच्या राहत्या घरासाठी राज्याची ‘स्टार’ नावाची सवलत आहे. तिची नोंदणी राज्याच्या कर विभागाकडे स्वतः करावी लागते आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. भाडेकरूला बिल येत नाही, पण घरमालक ते भाड्यात धरतोच.

पाचवी पायरी: वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लावावे

डिस्ट्रिक्टचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. गव्हर्नर जानेवारीत राज्याचे अंदाजपत्रक मांडतात आणि त्यासोबत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या अनुदानाचा प्रस्तावित आकडा प्रसिद्ध होतो. १ मार्चपर्यंत डिस्ट्रिक्टला आपली लेव्ही-मर्यादा राज्याच्या कॉम्प्ट्रोलरकडे, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या मुख्य वित्त अधिकाऱ्याकडे, कळवावी लागते. राज्याचे अंदाजपत्रक १ एप्रिलपर्यंत मंजूर व्हायला हवे, पण पुष्कळदा ते लांबते, आणि मग शाळेला अनुदानाचा नक्की आकडा हातात नसताना आपले गणित जमवावे लागते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत संगीताचा शिक्षक अर्धवेळ करायचा का, चौथीच्या दोन तुकड्यांची एक करायची का, हे सारे बैठकीत बोलले जाते. कोणाला काही सांगायचे असेल, तर सांगण्याची वेळ ही.

मर्यादेबद्दलही गैरसमज फार आहेत. २०११ च्या कायद्याने लेव्हीची वार्षिक वाढ २ टक्के किंवा महागाईचा दर, यांपैकी जे कमी असेल त्याला बांधली. मात्र सूत्रात नवी बांधकामे, इमारतीच्या कर्जाचा स्थानिक वाटा वगैरेंची वजाबाकी-बेरीज असल्याने एखाद्या वर्षी मर्यादा ४ टक्के निघते, तर एखाद्या वर्षी शून्याखालीही जाते. मर्यादा एकूण लेव्हीवर आहे, आपल्या बिलावर नाही. वर घेतलेल्या उदाहरणात २ टक्के म्हणजे १ लाख ४ हजार डॉलर होतात. पगार, पेन्शन आणि आरोग्यविमा धरला, तर एका अनुभवी शिक्षकावर एवढा खर्च सहज होतो.

मतदान मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी असते. त्याआधी ७ ते १४ दिवसांत जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि मतदारांना टपालाने सूचनापत्र जाते. अंदाजपत्रक साध्या बहुमताने संमत होते. लेव्ही मर्यादेबाहेर गेली असेल, तर ६० टक्के मते लागतात. पहिल्या खेपेस ते नामंजूर झाले, तर जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मतदान घेता येते. दुसऱ्यांदाही फेटाळले गेले, तर आकस्मिक अंदाजपत्रक लागू होते आणि लेव्ही आदल्या वर्षाच्या रकमेवर गोठते. शाळा बंद पडत नाही, पण शिक्षकांचे करार, पेन्शनचा वाटा आणि कर्जाचे हप्ते टाळता येत नसल्याने कात्री क्रीडासंघ, ऐच्छिक विषय आणि उशिराच्या बसवर चालते. करार टळत नाहीत यालाही कारण आहे. १९६७ च्या टेलर कायद्याने सार्वजनिक कर्मचाऱ्यांना संपाची बंदी केली, आणि १९८२ च्या दुरुस्तीनुसार मुदत संपलेल्या कराराच्या अटी, अगदी पगाराच्या पायऱ्यांसह, नवा करार होईपर्यंत चालू राहतात.

सहावी पायरी: मतदानाचा हक्क आहे का, हे आधी पाहावे

मतदाराला अमेरिकेचे नागरिकत्व, १८ वर्षे पूर्ण आणि डिस्ट्रिक्टमध्ये ३० दिवसांचे वास्तव्य या अटी आहेत. ग्रीनकार्डधारक किंवा एच-१बी व्हिसावरचा माणूस कर भरतो, पण मत देऊ शकत नाही. इथे एक धोका आहे. कित्येक ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये पूर्वनोंदणी लागत नाही. शाळेच्या जिममध्ये गेले, पत्त्याचा पुरावा दाखवला, पात्र असल्याच्या निवेदनावर सही केली की मतपत्रिका हातात येते. टेबलामागची ओळखीची बाई हसून ‘या’ म्हणाली, तरी नागरिक नसलेल्याने सही करू नये, कारण नागरिक असल्याचे खोटे निवेदन पुढे हद्दपारीपर्यंत नेऊ शकते.

मत नसले तरी बाकीची दारे उघडी आहेत. बैठकीला कोणीही बसू शकतो. पालक म्हणून शाळेच्या सहभागी निर्णय समितीत किंवा अंदाजपत्रकाच्या सल्लागार समितीत काम करता येते. ज्या घरात एक जण नागरिक झालेला आहे, त्याने बोर्डाची निवडणूकही लढवायला हरकत नाही. त्यासाठी डिस्ट्रिक्टमध्ये वर्षभराचे वास्तव्य आणि अर्जावर किमान २५ मतदारांच्या, किंवा मागच्या निवडणुकीतल्या मतदारांच्या २ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितक्या सह्या लागतात. लहान डिस्ट्रिक्टमध्ये जागेइतकेही उमेदवार पुष्कळदा मिळत नाहीत. निवडून आलेल्या नव्या सदस्याला आर्थिक देखरेखीचे किमान सहा तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. लाँग आयलंडवरच्या रॉझलिन डिस्ट्रिक्टमध्ये २००४ साली उघडकीस आलेल्या कोट्यवधी डॉलरच्या अपहारानंतर हा नियम आला.

सातवी पायरी: कागद मागावेत

खुल्या बैठकांच्या कायद्यामुळे चर्चा लोकांसमोरच करावी लागते. बंद दाराआड जायचे झाल्यास आधी जाहीरपणे ठराव मांडून कारण सांगावे लागते, आणि व्यक्तीची नेमणूक, खटला, कराराच्या वाटाघाटी अशी कारणेही मोजकीच आहेत. नागरिकांना बोलू द्यावे असे कायदा सांगत नाही, तरी बहुतेक बोर्डे दोन-तीन मिनिटे देतात. त्यात शिक्षकाचे नाव घेऊन तक्रार मांडू नये. ती तिथे ऐकली जाणार नाही.

नवागताने पहिल्या वर्षी तीन कागद तरी वाचावेत. बाहेरच्या लेखापरीक्षकाचा वार्षिक अहवाल, मतदानापूर्वी निघणारे एका पानाचे मालमत्ता-कर प्रगतिपत्रक आणि राज्याच्या कॉम्प्ट्रोलरने त्या डिस्ट्रिक्टचे पूर्वी केलेले लेखापरीक्षण असेल तर ते. प्रगतिपत्रकात शिलकीचा आकडा पाहावा. कोणत्याही कामासाठी बाजूला न काढलेली शिल्लक पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षानुवर्षे ती मर्यादा ओलांडणारे डिस्ट्रिक्ट लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेत आहे, असे कॉम्प्ट्रोलरचे अहवाल वारंवार म्हणतात. उलट शिल्लक अगदी तळाला गेलेली असेल, तर एका विद्यार्थ्याच्या बाहेरच्या विशेष शिक्षणाचा लाखभर डॉलरचा खर्च अचानक आला, तरी ते लहान डिस्ट्रिक्ट अडचणीत येते.

हवा असलेला कागद संकेतस्थळावर नसेल, तर माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली लेखी अर्ज करावा. कामाच्या पाच दिवसांत कागद, नकार किंवा किमान पोच मिळायला हवी. आणि बोर्डाचा एखादा निर्णय बेकायदेशीर आहे असे वाटले, तर वकील न लावताही राज्याच्या शिक्षण आयुक्ताकडे अपील करता येते. मात्र ते निर्णयापासून ३० दिवसांच्या आत सुरू करावे लागते, त्यामुळे बैठकीची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.